जखमी खेळाडूची इयादत

रमजानचा रोजा प्रत्येक सज्ञान मुस्लिमावर फर्ज आहे, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. त्याच हुकमाला जोडून आलेली दुसरी गोष्ट मात्र शेजारच्या घरात फारशी माहीत नसते, आणि खरे सांगायचे तर आमच्या घरांतही ती पटकन आठवत नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून रुख्सत आहे, म्हणजे सवलत आहे. बरे झाल्यावर, घरी परतल्यावर त्याने राहिलेले रोजे मोजून पूर्ण करायचे. त्याला कजा म्हणतात. ही सवलत कुणा मौलवीने मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. कुरआनात सूरह बकरहमध्ये रोजाचा हुकूम जिथे आला आहे, तिथेच ती सांगितली आहे. आजारपणात रोजा सोडणारा माणूस गुन्हेगार नसतो आणि कमजोरही नसतो. त्याचा हिशेब फक्त पुढच्या दिवसांवर गेलेला असतो.

4 मार्च 2025 रोजी, रमजानमध्येच, दुबईला चॅम्पियन्स ट्रॉफीचा भारत-ऑस्ट्रेलिया उपान्त्य सामना झाला. मोहम्मद शमीने तीन बळी घेतले, भारत जिंकला. पण पुढचे दोन-तीन दिवस चर्चा झाली ती त्याने मैदानावर बाटलीतून घेतलेल्या घोटांची. उत्तर प्रदेशातील एका मौलानांनी त्याला जाहीरपणे गुन्हेगार ठरवले. इतर उलेमांनी तो प्रवासात आहे, त्याला सवलत आहे, याची आठवण करून दिली. इफ्तारनंतरच्या चहावर आपल्याकडेही हा वाद रंगला. मला या वादापेक्षा याच माणसाची दुसरी हकिकत अधिक महत्त्वाची वाटते. तिच्यावर कुणी फतवा काढला नाही आणि फारशी चर्चाही केली नाही.

2015 चा विश्वचषक शमी मोडलेल्या गुडघ्याने खेळला. वेदनाशामक औषधे घेऊन सामना, सामन्यानंतर चालता येत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध, असा तो सगळा काळ त्याने पुढे स्वतःच एका मुलाखतीत सांगितला. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि पूर्ण बरे व्हायला त्याच्या सांगण्याप्रमाणे अठरा महिने लागले. मे 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात रोहित शर्माशी इन्स्टाग्रामवर बोलताना तो म्हणाला, की ती दुखापत आणि पाठोपाठ आलेल्या घरगुती अडचणी या काळात त्याच्या मनात तीनदा आयुष्य संपवण्याचा विचार आला होता. घरच्यांना ते कळले होते. मग घरातले कुणी ना कुणी चोवीस तास त्याच्यासोबत राहू लागले. ते जागत, बोलत आणि त्याला एकटे सोडत नसत. घरच्यांची साथ नसती तर आपण वाचलो नसतो, असे त्याने साऱ्या देशासमोर सांगितले. तोच शमी 2023 च्या विश्वचषकात 24 बळी घेऊन स्पर्धेतला सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला.

देशाच्या संघातला, नाव आणि पैसा असलेला, उत्तम डॉक्टर हाताशी असलेला खेळाडू जर इथवर पोचतो, तर आपल्या तालुक्यातल्या पोराचे काय होत असेल?

पहाटे पाचला अर्धापुरातून वसमत फाट्याकडे निघा. केळीच्या ट्रकांच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या मुलामुलींच्या रांगा दिसतील. यातली थोडी कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलची. बाकी सगळी भरतीची. आपल्या भागात खेळ आणि भरती या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. शाळेत खेळाडू म्हणून नाव झालेले पोरगे बारावीनंतर आपोआप पोलीस भरतीच्या वाटेला लागते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. घरी, पारावर, लग्नात, जिथे तिथे एकच प्रश्न: ‘ग्राउंड किती निघतंय?’ शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. म्हणजे हे पोरगे पळते तेव्हा त्याच्या पायांवर घराचे कर्ज, बहिणीचे लग्न आणि बापाची उमेद असे सगळे बसून पळत असते.

आणि पळते कशावर? डांबरावर. पायात स्वस्तातले बूट, तळवा झिजलेला. ना धड व्यायामापूर्वीची तयारी, ना मधला विश्रांतीचा दिवस. मग नडगी दुखायला लागते. मुले त्यावर बाम चोळतात, क्रेप बँडेज गुंडाळतात आणि पळतच राहतात. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला असतो, तो साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसतही नाही. कबड्डीत पकड सोडवताना पाय रोवलेला राहतो आणि अंग फिरते, की गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. मुले म्हणतात, ‘सर, गुडघा निसटला.’ आधी हाडवैद्य, मग मेडिकलवाला, मग दोन महिन्यांनी नांदेडला जाऊन एमआरआय. तोवर गावाला कळलेले असते, की ‘त्याचं लिगामेंट गेलं.’ हा इंग्रजी शब्द आता आपल्याकडे म्हातारीकोतारीही बोलतात, आणि ज्या सुरात बोलतात तो मयतीच्या खबरीचा सूर असतो.

रमजानमध्ये यात आमच्या मोहल्ल्यांची खास भर असते. तरावीहची नमाज आटोपली की दिवे लावून नाईट क्रिकेट सुरू, ते सहरपर्यंत. दिवसभराचा रोजा, अंगात पाणी कमी, झोप तीन-चार तास, अंधुक उजेड आणि खडबडीत जागा. ईदच्या दिवशी लंगडत गळाभेट घेणारे दोन-चार जण दरवर्षी भेटतात. खेळू नका असे मी म्हणत नाही, कारण रात्री मोबाइलमध्ये डोके घालण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण इफ्तारनंतर पोटभर पाणी आणि निदान सलग चार-पाच तासांची झोप, एवढे तरी कप्तानांनी आपल्या संघाकडून पाळून घ्यावे.

आता शरीराकडून मनाकडे येतो. आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कबड्डीतला एक चांगला चढाईपटू होता. गुडघा गेला. शस्त्रक्रियेला पैसे नव्हते, मग ‘आरामाने बरं होतंय का बघू’ असे ठरले. दोन महिन्यांनी तो वर्गात येऊ लागला, पण नेहमी उशिरा. त्याच्या मित्राकडून कारण कळले. महाविद्यालयाचा सरळ रस्ता मैदानाजवळून जातो, म्हणून तो मागच्या बाजूने, पाऊण किलोमीटरचा वळसा घालून, दुखऱ्या पायाने यायचा. मैदानावर सराव चाललेला त्याला दिसायला नको होता. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तो स्वतःच बाहेर पडला होता. त्याला परत ये म्हणून कुणी सांगितले नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हते, पुढच्या सामन्याची गडबड होती इतकेच. बूट त्याने माळ्यावर टाकले होते. विचारले तर म्हणाला, ‘काही नाही सर, मूड नाही.’

या ‘मूड नाही’पाशी मी भाषेचा शिक्षक म्हणून थांबतो. घरात दखनी-उर्दू आणि वर्गात मराठी अशा दोन भाषांत माझा दिवस जातो, आणि या एका बाबतीत दोन्हीकडे सारखीच अडचण आहे. पाय दुखतो त्याला आपल्याकडे डझनभर शब्द आहेत. मुरगळला, लचकला, चमक भरली, ठणकतो, सलतो, वळ आला. मन दुखते तेव्हा आपल्या मुलांजवळ शब्दच नसतात. मराठीत बोलणारा म्हणतो ‘डोकं जाम झालंय’, दखनीत बोलणारा म्हणतो ‘दिल नै लग रा’. ‘टेन्शन’ हा शब्द तर परीक्षेपासून पेट्रोलच्या भावापर्यंत सगळीकडे वापरून गुळगुळीत झाला आहे, आणि ‘डिप्रेशन’ मुले एकमेकांना चिडवायला वापरतात. उदासी, मायूसी, खिन्नता हे शब्द पुस्तकांत आहेत, पण वीस वर्षांचा पैलवानी अंगाचा मुलगा चारचौघांत ‘मी खिन्न आहे’ असे म्हणेल का? तेव्हा त्याने काही सांगावे याची वाट न पाहता तो काय करतो हे बघावे लागते. तो वळसा घालून येतो, ग्रुप सोडतो, दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहतो, रात्रभर जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघतो, जेवणावर चिडतो. त्याचे म्हणणे काय आहे ते यातूनच कळते.

हे होते कशामुळे? ‘खेळ सुटला म्हणून वाईट वाटते’ इतके ते सोपे नाही. खेळाडूचा दिवस खेळाने बांधलेला असतो. पहाटेचे उठणे, सोबती, घाम, भूक, रात्रीची गाढ झोप. दुखापत होते त्या दिवशी हे सगळे एकदम तुटते. ज्या व्यायामाने त्याचा राग आणि काळजी निचरून जायची, तोच बंद होतो. आणि तो कोण आहे याचे उत्तरही जाते. गावात त्याला ‘रेडर’ म्हणून ओळखतात, मग आता तो कोण? त्यात भरतीच्या वयाची मर्यादा घड्याळासारखी टिकटिकत असते. सोबतचे दोघे भरती होतात, अंगावर वर्दी घालून गावात येतात, त्यांची मिरवणूक निघते. खाटेवरचा मुलगा ती हलगी ऐकत असतो.

उलट बाजूनेही ही साखळी चालते, हे आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी नीट लक्षात घेण्यासारखे आहे. मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स या दोन अभ्यासकांनी 1988 मध्ये मांडणी केली, की मनावर मोठा ताण असलेल्या खेळाडूचे स्नायू आखडलेले राहतात, त्याचे लक्ष आक्रसते, बाजूने येणारा खेळाडू त्याला उशिरा दिसतो, आणि म्हणून तो अधिक जखमी होतो. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2019 मध्ये तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यातही दुखापत आणि मानसिक त्रास एकमेकांना वाढवतात हे स्पष्ट मान्य केले आहे. घरी वाटणीचे भांडण चालू आहे, बापाने कर्ज काढले आहे, त्या आठवड्यात तुमचा चढाईपटू मैदानावर ढिला दिसत असेल तर त्याला दोन जादा फेऱ्या मारायला लावणे हा उपाय नव्हे. त्याच आठवड्यात त्याचा गुडघा जायची भीती जास्त.

आणखी एक आकडा सांगतो. गुडघ्याचे मुख्य लिगामेंट, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, त्याची शस्त्रक्रिया झालेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतले 81 टक्के कोणता ना कोणता खेळ पुन्हा खेळू लागले. पण पूर्वीच्या पातळीवर परतले 65 टक्के, आणि स्पर्धात्मक खेळात परतले फक्त 55 टक्के. पाय बरा होऊनही माणूस परत येत नाही, याचे एक मोठे कारण भीती आहे. पुन्हा तोच आवाज येईल, पुन्हा तीच खाट. एमआरआयच्या फिल्मवर ही भीती दिसत नाही, म्हणून ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे, नाटकं करतोय’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

मराठवाड्याच्याच मातीतले ताजे उदाहरण अविनाश साबळेचे आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यात गेला आणि 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई खेळांचे सुवर्ण घेऊन आला. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी असते. 11 जुलै 2025 रोजी मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये त्याच पाण्याच्या उडीपाशी तो पडला. एसीएल फाटले, गुडघ्यातली गादीही दुखावली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. ज्याने पॅरिसमध्ये 2024 च्या जुलैत 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, त्याला वर्षभरात पुन्हा पाऊल टाकण्यापासून सुरुवात. साबळेला थांबणे नवीन नव्हते. 2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीच्या सुमारास त्याची आशियाई स्पर्धा हुकली होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनीचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

ही उदाहरणे आपण मुलांना ‘बघ, तो कसा परत आला’ म्हणून सुनावतो. त्याला माझा थोडा विरोध आहे. साबळेच्या मागे सैन्य आहे, नामांकित शल्यचिकित्सक आहे, व्यायाम करवून घेणारा माणूस रोज समोर आहे. आपल्या मुलाजवळ यातले काय असते? फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा नांदेडला जायचे तर एसटीचे भाडे, फी आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. चार खेपांनंतर तो जायचे बंद करतो आणि घरीच यू-ट्यूब बघून पाय वाकवतो. तो परतला नाही तर त्यात जिद्दीचा दोष किती आणि गरिबीचा किती, हे बघितल्याशिवाय त्याला कुणाचे उदाहरण देऊ नये.

मुलींचे तर आणखी वेगळे. मुलाचा गुडघा गेला तर घरचे म्हणतात ‘आता कसं होणार?’, मुलीचा गेला तर म्हणतात ‘बरं झालं, आता तरी घरी बस’. लंगडत चालताना कुणी पाहू नये म्हणून तिचे बाहेर निघणेच बंद होते, कारण स्थळे यायचे वय असते. हिंदू घर असो की मुस्लिम, हे बोलणे शब्दशः सारखे. देगलूर, बिलोली ओलांडले की निजामाबाद. तिथल्या निखत झरीनच्या आईलाही मुलीचा सुजलेला चेहरा बघून हीच काळजी वाटली होती, हे निखतने मुलाखतींत हसत सांगितले आहे. 2011 मध्ये कनिष्ठ गटाची जगज्जेती झालेल्या या मुलीचा खांदा 2017 मध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धेत निखळला. शस्त्रक्रिया झाली, जवळपास वर्षभर ती रिंगबाहेर राहिली. तिचे वडील मोहम्मद जमील अहमद स्वतः खेळाडू होते, ते तिच्या पाठीशी उभे राहिले. मे 2022 मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली, 2023 मध्ये दिल्लीत पुन्हा. तिच्या पदकांचे फोटो आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींच्या मोबाइलवर आहेत. ज्या वर्षात एकही पदक नव्हते, त्या वर्षात घराने तिला खेळाडूच मानले, ही गोष्ट आयांनी आणि अब्बांनी जास्त लक्षात ठेवावी असे मला वाटते.

मला आज जे सांगायचे आहे, त्यासाठी आमच्याकडे एक जुना शब्द आहे, इयादत. आजाऱ्याला भेटायला जाणे. इस्लाममध्ये हा आजाऱ्याचा हक्क मानला आहे, भेटणाऱ्याचे उपकार नव्हे. त्याचे अदबही ठरलेले आहेत. फार वेळ बसू नये, रुग्णाला थकवू नये, उमेद वाटेल असे बोलावे, त्याच्यासाठी दुआ करावी. मराठी घरांतही भेटायला जाण्याची रीत तितकीच घट्ट आहे. अर्धापुरात तर पिशवीत केळी ठरलेली. पण जखमी खेळाडूला आपण भेटायला जातो तेव्हा काय बोलतो? ‘आता खेळ सोड बाबा.’ ‘आधीच सांगत होतो, कबड्डीत काय ठेवलंय?’ ‘अमक्याचा पाय असाच गेला, अजून लंगडतो.’ एवढे बोलून आपण चहा पिऊन निघतो. आणि ही भेट पहिल्या आठवड्यातच आटोपलेली असते, जेव्हा त्याला औषधाची गुंगी असते. मनाचा खरा कठीण काळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. प्लास्टर निघालेले असते, पाय बारीक झालेला असतो, आणि दारात कुणी नसते.

दुसरा शब्द सब्र. ‘सब्र कर बेटा’ हे आमच्याकडे प्रेमाने म्हटले जाते, पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘गप्प बस’ असाच होतो. सब्र म्हणजे दुःख न दाखवणे, हा समज कुठून आला कोण जाणे. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा सब्र आदर्श मानला जातो. मुलगा यूसुफ हरवल्याच्या दुःखात रडून रडून त्यांची दृष्टी गेली, हेही कुरआनातच आहे. नबींच्या अश्रूंना जिथे जागा आहे, तिथे मैदान सुटलेल्या पोराने रडू नये असे सांगणारे आपण कोण? ‘ईमान कमजोर झालं’, ‘नजर लागली’, ‘कुणी केलं असेल’, मग कुठे ताबीज, कुठे अंगारा. दुआ जरूर करावी, पण गुडघ्यासाठी दुआही करतो आणि ऑर्थोपेडिककडेही जातो ना? मनासाठीही दोन्ही करता येते.

‘आमच्या वेळी नव्हतं हे डिप्रेशन,’ असे काही वडीलधारे म्हणतील. त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण ते मानतात त्या अर्थाने नाही. जुन्या तालमीत पैलवानाचा खांदा उतरला तर त्याला घरी पाठवत नसत. वस्ताद, म्हणजे आमच्या भाषेत खलिफा, त्याची मालीश करवून घ्यायचा. तो आखाड्याच्या कडेला बसून पोरांच्या बैठका मोजायचा, खुराकाकडे बघायचा, नवशिक्यांना डाव समजावून सांगायचा. कुस्ती बंद, पण तालीम चालू. आज अकॅडम्या आल्या, महिन्याची फी आली. पाय मोडला की फी बंद आणि नातेही बंद. त्या काळी दुखापतीचे दुःख नव्हते असे नाही. ते एकट्याने भोगावे लागत नव्हते.

प्रत्येक उदास खेळाडू मनोरुग्ण असतो, असेही कुणी समजू नये. पहिले काही दिवस वाईट वाटणे, चिडचिड होणे, रडू येणे हे अगदी साहजिक आहे. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, ‘मी घरावर ओझं झालोय’ अशी भाषा सुरू झाली, किंवा तो आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, तर थांबू नये. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलला तर ते नाटक समजू नये, शांतपणे सरळ विचारावे आणि त्याला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, पैसे न लागता, मराठीतही बोलता येते. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. गुडघ्यासाठी नांदेडला चकरा मारतोच आहोत, त्यातली एक या दारातही व्हावी.

प्रशिक्षक आणि क्रीडाशिक्षकांकडे माझे मागणे मोठे नाही. जखमी खेळाडूचे नाव संघाच्या यादीतून काढू नका. त्याला गुणलेखक करा, पंचांच्या शेजारी बसवा, प्रतिस्पर्ध्याचा खेळ टिपून ठेवायला सांगा, नव्या मुलांना पकड शिकवायला लावा. बसमध्ये जागा असेल तर सामन्याला घेऊन जा. त्याला यायचे नसेल तर जबरदस्ती नको, पण दर आठवड्याला एक फोन करा. त्या फोनवर ‘कधी खेळणार?’ हा प्रश्न विचारू नका, कारण घाईने परतल्याने दुसऱ्यांदा तुटलेले गुडघे कमी नाहीत. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबा असे तज्ज्ञ सांगतात, तर आपण सहाव्या महिन्यात तालुकास्तर स्पर्धेसाठी त्याला उतरवतो. ही रुख्सत त्याला मिळालीच पाहिजे, आणि सोबत भरवसाही, की राहिलेल्या स्पर्धांची कजा त्याला पुढे करता येईल आणि तोवर संघातली त्याची जागा कुणी खोडणार नाही.

पैशाचाही प्रश्न आहे, आणि त्याला गोड बोलून उत्तर मिळणार नाही. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्याकडून महाविद्यालये जिमखाना शुल्क घेतात. त्यातून जर्सी येतात, चषक येतात, स्पर्धेचा प्रवासभत्ता निघतो. खेळताना जखमी झालेल्या मुलाच्या फिजिओथेरपीसाठी त्यातून काही बाजूला ठेवलेले मी अजून कुठल्या अंदाजपत्रकात पाहिलेले नाही. एका वर्षी एक जर्सीचा संच कमी आला तरी चालेल. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर आमच्या जिमखाना समितीच्या पहिल्या बैठकीत हा विषय मी लेखी मांडणार आहे: जखमी विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र रक्कम, सहा महिने त्याच्या संपर्कात राहील असा एक ठरलेला शिक्षक, आणि सरावाच्या हजेरीपटावर त्याचे नाव कायम. तालुक्यातल्या इतर महाविद्यालयांतील आणि शाळांतील सहकाऱ्यांनी आपापल्या बैठकीत तो मांडला, तर ठरावाचा मसुदा पाठवायला मी तयार आहे, मराठीत हवा तर मराठीत, उर्दूत हवा तर उर्दूत.